कॅलिफोर्नियातील स्कूल बोर्डाचे कामकाज: निर्णय कधी ठरतो आणि पालकांनी कधी बोलावे

क्युपर्टिनोत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलगी दहावीत आणि धाकटा मुलगा चौथीत असेल, तर एकाच घरातील या दोन मुलांच्या शाळांचे निर्णय बहुधा दोन निरनिराळी निवडून आलेली बोर्डे घेत असतात. मुलाची शाळा क्युपर्टिनो युनियन स्कूल डिस्ट्रिक्टची असते, तर मुलीची फ्रीमॉन्ट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टची. (डिस्ट्रिक्ट म्हणजे ठरावीक भागातील सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था.) या दुसऱ्या डिस्ट्रिक्टचा फ्रीमॉन्ट शहराशी काही संबंध नाही. त्या शहरातील शाळा फ्रीमॉन्ट युनिफाइड या तिसऱ्याच डिस्ट्रिक्टकडे आहेत. नावांच्या या घोळात तळमळीने लिहिलेले पत्र चुकीच्या बोर्डाकडे जाऊ शकते आणि चूक लक्षात येईपर्यंत विषय मंजूर होऊन गेलेला असतो. म्हणून आपल्या घराचा पत्ता कोणत्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत येतो, आणि ते डिस्ट्रिक्ट प्राथमिक शाळांचे, हायस्कूलचे की बारावीपर्यंतचे सगळे वर्ग सांभाळणारे युनिफाइड आहे, हे सर्वांत आधी पाहून घ्यावे. राज्यात अशी नऊशेहून अधिक डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येकाचे पोटनियम थोडे वेगळे असतात. पुढे दिलेली माहिती मुख्यतः राज्याच्या कायद्यातील, म्हणजे सगळीकडे लागू होणारी आहे. स्थानिक पद्धतीचा प्रश्न येईल तिथे तसे म्हटले आहे.

बोर्डाच्या हातात काय असते

महाराष्ट्रातून आलेल्या पालकांच्या डोळ्यांसमोर बोर्ड म्हटले की शाळा व्यवस्थापन समिती येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, पण ती एका शाळेपुरती असते. कॅलिफोर्नियातील बोर्ड संपूर्ण डिस्ट्रिक्टचे असते, थेट मतदारांनी निवडलेले असते आणि कोट्यवधी डॉलरचे अंदाजपत्रक, शिक्षकांशी होणारे वेतनकरार, अभ्यासक्रम, शाळांच्या हद्दी आणि सुपरिंटेंडंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य प्रशासकाची, नेमणूक हे सगळे त्याच्या अखत्यारीत येते. सदस्य बहुतेक ठिकाणी पाच आणि काही ठिकाणी सात असतात. त्यांची मुदत चार वर्षांची असते आणि जागा टप्प्याटप्प्याने रिकाम्या होतात, त्यामुळे साधारण दर दोन वर्षांनी अर्ध्या जागांसाठी निवडणूक होते. २००१ च्या कॅलिफोर्निया मतदान हक्क कायद्यानंतर अनेक डिस्ट्रिक्टांनी विभागवार निवडणुका सुरू केल्या आहेत, म्हणून आपल्या विभागाचा सदस्य कोण, हेही माहीत असावे.

सदस्य होण्यासाठी डिस्ट्रिक्टमधील नोंदणीकृत मतदार असावे लागते, आणि मतदानाचा हक्क सर्वसाधारणपणे नागरिकांनाच असतो. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावामुळे, नागरिक नसलेल्या पालकांनाही शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत मत देता येते. एच-वन-बीवर किंवा ग्रीन कार्डवर असलेले आपले अनेक लोक मत नाही म्हणून बोर्डाकडे फिरकतच नाहीत, आणि ही गोष्ट मला फार खटकते. बैठकीला येण्याचा, कागदपत्रे पाहण्याचा आणि बोलण्याचा हक्क कायद्याने जनतेतील कोणत्याही व्यक्तीला दिलेला आहे. तिथे कोणी पासपोर्ट विचारत नाही. उपस्थितांच्या वहीत नाव लिहिल्याशिवाय सभागृहात प्रवेश मिळणार नाही, अशी अट घालणेही बेकायदेशीर आहे.

आणखी एक गोष्ट मनात पक्की बसवावी लागते. एकट्या सदस्याला कसलाही अधिकार नसतो. बोर्ड म्हणजे रीतसर बोलावलेल्या बैठकीत एकत्र बसलेले सदस्य. बैठक संपली की त्यांतील कोणीही मुख्याध्यापकांना आदेश देऊ शकत नाही. त्यामुळे ओळखीच्या सदस्याला फोन करून मुलाची तुकडी बदलून घेता येईल, असे समजणे व्यर्थ आहे. ते काम आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक आणि मग डिस्ट्रिक्टचे कार्यालय या क्रमाने होते. बोर्डाकडे न्यायचा विषय म्हणजे धोरण, पैसा आणि सुपरिंटेंडंटचे काम.

ब्राउन कायदा आणि ७२ तास

राज्यातील स्थानिक संस्थांच्या बैठका ज्या कायद्याने चालतात तो राल्फ ब्राउन कायदा १९५३ मध्ये झाला. स्थानिक संस्था लोकांच्या नकळत निर्णय कसे घेतात, हे त्याच्या आदल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलमधील एका लेखमालेने उघडकीस आणले होते, आणि मोडेस्टोचे आमदार राल्फ ब्राउन यांनी त्यानंतर हे विधेयक मांडले. कायद्याचा गाभा असा की बहुसंख्य सदस्य एकत्र येऊन डिस्ट्रिक्टच्या कामाविषयी बोलत असतील तर ती बैठक ठरते, आणि बैठक म्हटली की ती उघड, पूर्वसूचना दिलेली आणि विषयपत्रिकेप्रमाणेच चालली पाहिजे.

नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी सार्वजनिक ठिकाणी आणि संकेतस्थळावर लावावी लागते. विशेष बैठकीसाठी ही मुदत २४ तासांची आहे. पत्रिकेवर नसलेल्या विषयावर बोर्डाला निर्णय घेता येत नाही. पत्रिका लावल्यानंतर एखादी तातडीची गरज निर्माण झाली, तर दोन तृतीयांश मतांनी विषय वाढवण्यासारखे अपवाद आहेत, पण ते क्वचितच वापरले जातात. मंगळवारी संध्याकाळी बैठक असेल तर पत्रिका शनिवारी संध्याकाळच्या आत लागलेली असते, आणि सामान्यतः कार्यालयातील लोक ती शुक्रवारीच लावून मोकळे होतात. म्हणजे वाचायला शनिवार-रविवार मिळतात. जागरूक पालकाचे खरे काम याच दोन दिवसांत होते, मंगळवारच्या संध्याकाळी नव्हे.

पत्रिकेतील प्रत्येक विषयाचे वर्णन अगदी त्रोटक असते, कारण कायद्याला साधारण वीस शब्दांचे वर्णन पुरते. एखाद्या करारनाम्याच्या मंजुरीपुढे फक्त कंपनीचे नाव आणि रक्कम दिसली, तर तेवढ्यावर थांबू नये. विषयाला जोडलेली कागदपत्रे उघडावीत. ज्या कागदपत्रांच्या प्रती बहुसंख्य सदस्यांना दिल्या आहेत ती जनतेलाही खुली असतात. ७२ तासांच्या आत नवे कागद वाटले गेले, तर तेही त्याच वेळी पाहायला मिळाले पाहिजेत. विषयाला जोडलेल्या, कर्मचाऱ्यांनी लिहिलेल्या टिपणाच्या शेवटी आर्थिक परिणाम आणि कर्मचाऱ्यांची शिफारस असे दोन भाग बहुधा असतात. मी आधी ते वाचतो आणि मग वर जातो, कारण मूळ हेतू काय आणि पैसे कुठल्या खात्यातून जाणार, हे तिथे दोन ओळींत कळते.

संमतीचे विषय

पत्रिकेत पुढे एकगठ्ठा मंजूर करायच्या विषयांची यादी येते. कन्सेंट कॅलेंडर म्हणतात ते हेच. मागील बैठकीचे इतिवृत्त, दिलेली देयके, नेमणुका व राजीनामे, सहली, छोटे करार अशा दहा-वीस-तीस बाबी एकाच सूचनेने, चर्चेविना आणि मिनिटभरात मंजूर होतात. यात गैर काही नाही. प्रत्येक सहलीवर चर्चा करायची म्हटली तर बैठक मध्यरात्रीपर्यंत चालेल. पण सल्लागारांचे करार, सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी आणि बांधकामाच्या खर्चातील वाढ हे सगळे याच यादीत असते, त्यामुळे ज्याला डिस्ट्रिक्टचा पैसा कुठे जातो हे समजून घ्यायचे आहे त्याने गाजलेल्या विषयांपेक्षा ही यादी अधिक बारकाईने वाचावी, असे माझे मत आहे. कोणताही सदस्य यातील एखादी बाब वेगळी काढून तिच्यावर चर्चा व स्वतंत्र मतदान घेण्यास सांगू शकतो. नेमकी शंका आदल्या दिवशी ईमेलने कळवली तर सदस्य बहुधा ती बाब वेगळी काढतात, किंवा सुपरिंटेंडंटकडून आधीच उत्तर मागवतात.

मतदान कसे होते

अध्यक्ष विषय पुकारतात, कर्मचारी सादरीकरण करतात, सदस्य प्रश्न विचारतात, जनतेची मते ऐकली जातात आणि मग सूचक-अनुमोदक मिळून ठराव चर्चेला येतो. उपसूचना येऊ शकते, विषय तहकूब होऊ शकतो. गुप्त मतदान कायद्याने चालत नाही आणि प्रत्येक सदस्याने कसे मत दिले हे जाहीर करावे लागते.

बहुमताची मोजणी मात्र अनेकांना चकवते. शिक्षण संहितेनुसार ठराव मंजूर होण्यासाठी उपस्थितांचे बहुमत पुरत नाही. बोर्डाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. पाच सदस्यांच्या बोर्डात तिघे हजर असतील तर गणपूर्ती होते, पण मतदान दोन विरुद्ध एक असे झाले तर ठराव नामंजूर होतो, कारण तीन मते हवी होती. चौघे हजर असून दोन-दोन मते पडली तरी तेच. काही बाबींना याहून मोठे बहुमत लागते. मतदारांनी मंजूर केलेल्या २००० च्या प्रॉपोझिशन ३९ खाली रोखे काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवायचा तर बोर्डाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते, आणि मग मतदारांची ५५ टक्के मते. असे रोखे मंजूर झाले की खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी किमान सात जणांची नागरिक समिती नेमावी लागते, आणि तीत पालकांसाठी जागा राखलेल्या असतात. हिशेब समजणाऱ्या, वेळ काढू शकणाऱ्या आपल्या लोकांनी या समितीसाठी अर्ज करण्याचा विचार जरूर करावा.

हायस्कूल असलेल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टांमध्ये विद्यार्थी-सदस्यही बसतो. त्याचे मत इतरांच्या आधी नोंदवले जाते, पण निकालात धरले जात नाही.

बंद दाराआडचा भाग

उघड बैठकीच्या आधी तासभर सदस्य बंद खोलीत बसतात, आणि यावरून पालकांच्या मनात नाहक संशय उभा राहतो. कायद्याने हे ठरावीक विषयांपुरतेच मान्य केले आहे: कर्मचाऱ्याची नेमणूक, मूल्यमापन वा शिस्तभंग, न्यायालयीन प्रकरणे, कामगार संघटनेशी चाललेल्या वाटाघाटींतील डावपेच, जागेच्या खरेदी-विक्रीतील किंमत, सुरक्षेचे धोके आणि विद्यार्थ्यांची वैयक्तिक प्रकरणे. शाळा बंद करणे, हद्दी बदलणे, अभ्यासक्रम निवडणे यांची चर्चा तिथे होऊ शकत नाही. आत जाण्यापूर्वी त्या विषयांवर जनतेला बोलण्याची संधी द्यावी लागते आणि बाहेर आल्यावर कायद्याने सांगितलेले निर्णय मतांसह जाहीर करावे लागतात. सुपरिंटेंडंटचा पगार तर नियमित उघड बैठकीतच, त्याचा तपशील तोंडी सांगून मंजूर करावा लागतो.

विद्यार्थ्याला शाळेतून काढून टाकण्याचे प्रकरण असेल तर सुनावणी एरवी बंद दाराआड होते, पण पालक लेखी विनंती करून ती उघड करवून घेऊ शकतात. अंतिम निर्णय मात्र उघड बैठकीतच द्यावा लागतो. अशा प्रसंगी एकट्याने जाऊ नये. वकिलाचा किंवा जाणकाराचा सल्ला आधी घ्यावा.

कधी बोलावे

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सभागृह भरते ते मतदानाच्या रात्री, आणि तोवर विषय शिजून तयार झालेला असतो. कर्मचाऱ्यांनी महिनोन्महिने काम केलेले असते, सदस्यांनी माहितीसत्रात प्रश्न विचारलेले असतात, मसुद्यातील दुरुस्त्या होऊन गेलेल्या असतात. त्या रात्री पन्नास जण बोलले तरी बदल होतो तो बहुतेक वेळा शब्दांचा. दिशा बदलायची असेल तर त्याआधीच्या टप्प्यांवर यावे लागते.

धोरणांच्या बाबतीत असा टप्पा म्हणजे पहिले वाचन. बहुतेक बोर्डे नवे धोरण एका बैठकीत चर्चेसाठी आणि पुढच्या बैठकीत मंजुरीसाठी ठेवतात. ही पद्धत पोटनियमांतून आलेली आहे, म्हणून आपल्या डिस्ट्रिक्टचे पोटनियम पाहावेत. पहिल्या वाचनाच्या वेळी सभागृहात चार-पाच माणसे असतात, सदस्य निवांत असतात, आणि एखाद्याने परिच्छेदाचा क्रमांक सांगून त्रुटी दाखवली तर तिथल्या तिथे सुपरिंटेंडंटला दुरुस्ती करायला सांगितली जाते.

अंदाजपत्रकासाठी ही सोय कायद्यातच आहे. २०१३ मध्ये राज्याने शाळांना पैसे वाटण्याची पद्धत बदलली आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टला एलकॅप नावाचा आराखडा करणे बंधनकारक केले. कोणत्या विद्यार्थ्यांसाठी कोणते उद्दिष्ट ठेवले आणि त्यावर किती खर्च होणार, हे त्यात लिहिलेले असते. या आराखड्याची आणि अंदाजपत्रकाची जाहीर सुनावणी एका बैठकीत होते, आणि मंजुरी त्यानंतरच्या वेगळ्या बैठकीत, ३० जूनच्या आत. पालकांच्या सल्लागार समितीने लेखी मत दिले तर सुपरिंटेंडंटला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते, म्हणून जूनमध्ये तीन मिनिटे बोलण्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या समितीत बसणे शतपटीने उपयोगी आहे.

वर्षाचे चक्र साधारण असे फिरते. डिसेंबरच्या बैठकीत नवे सदस्य शपथ घेतात, अध्यक्षांची निवड होते आणि पुढील बैठकांच्या तारखा ठरतात. १५ डिसेंबरच्या आत पहिला आर्थिक अहवाल येतो, १५ मार्चच्या आत दुसरा. डिस्ट्रिक्ट चालू आणि पुढील दोन वर्षांची देणी भागवू शकेल का, याविषयी बोर्ड त्यात निर्वाळा देते. तो निर्वाळा साफ नसून सशर्त किंवा प्रतिकूल असेल तर काउंटीचे शिक्षण कार्यालय लक्ष घालते. जानेवारीत राज्यपालांचा प्रस्तावित अर्थसंकल्प येतो आणि मेच्या मध्यावर सुधारित, त्यामुळे मधल्या काळात डिस्ट्रिक्टला अंदाजावरच चालावे लागते. पुढच्या वर्षी शिक्षक कमी करायचे असतील तर प्राथमिक नोटिसा १५ मार्चपर्यंत द्याव्या लागतात, म्हणजे त्याविषयीचा ठराव फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला बोर्डापुढे येतो. संगीताचा वर्ग किंवा ग्रंथपालाचे पद वाचवायचे असेल तर बोलण्याची वेळ ती. मे महिन्यात अश्रू ढाळून फारसे काही हाती लागत नाही.

शिक्षक संघटनेशी होणाऱ्या कराराचेही असेच आहे. वाटाघाटी बंद दाराआड होतात, पण दोन्ही बाजूंचे सुरुवातीचे प्रस्ताव आधी उघड बैठकीत मांडून जनतेला मत द्यायची संधी द्यावी लागते. पत्रिकेवरचा हा विषय कोरडा दिसतो, म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही.

तीन मिनिटांचे निवेदन

प्रत्येक वक्त्याला बहुतेक ठिकाणी तीन मिनिटे मिळतात, आणि गर्दी असेल तर अध्यक्ष ती दोन किंवा एकावर आणतात. त्यामुळे निवेदन एका मिनिटात आटोपता येईल असे लिहून, उरलेला वेळ मिळाला तर भर घालावी. ज्यांना दुभाष्याची गरज आहे त्यांना किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा असेल तेव्हाच याला अपवाद आहे. नातवंडांना रोज शाळेत नेणारे आजी-आजोबा शाळेबाहेरच्या रस्त्याची दुरवस्था मराठीत सांगू शकतात, शेजारी उभे राहून सून किंवा मुलगा ती इंग्रजीत सांगू शकतो, आणि हा त्यांचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. बैठकीच्या आधी कार्यालयाला तसे कळवून ठेवले की ऐनवेळी अडचण येत नाही.

एक उदाहरण घेऊ. राज्याच्या २०१५ च्या कायद्यानुसार नववीत विद्यार्थ्याला गणिताच्या कोणत्या वर्गात बसवायचे, याचे लेखी धोरण बोर्डाला करावे लागते. निर्णय एकाहून अधिक वस्तुनिष्ठ मापांवर आधारलेला हवा, वर्षाच्या पहिल्या महिन्यात फेरतपासणी हवी, आणि निर्णय मान्य नसलेल्या पालकांना दाद मागण्याचा स्पष्ट मार्ग हवा. प्राथमिक आणि हायस्कूल डिस्ट्रिक्ट वेगळी असतील तिथे दोन्हींच्या धोरणांत मेळ असण्याचाही त्या कायद्यात विचार आहे. समजा असा मसुदा पहिल्या वाचनाला आला आहे. ‘आमच्या मुलांवर अन्याय होतो आहे’ असे म्हणून तीन मिनिटे घालवण्याऐवजी असे बोलावे:

“मी विषय क्रमांक ११.३ विषयी बोलत आहे. माझी मुलगी आठवीत आहे आणि पुढच्या वर्षी या डिस्ट्रिक्टमध्ये येईल. मसुद्याच्या चौथ्या परिच्छेदात पहिल्या महिन्यात फेरतपासणी होईल असे म्हटले आहे, पण तिचा निकाल पालकांना कोणत्या तारखेपर्यंत कळवायचा ते लिहिलेले नाही. उशिरा वर्ग बदललेल्या मुलाला मागचे आठवडे भरून काढावे लागतात. माझी विनंती आहे की निकाल लेखी आणि सहाव्या आठवड्याच्या आत कळवण्याची अट दुसऱ्या वाचनापूर्वी घालावी. धन्यवाद.”

यात विषयाचा क्रमांक आहे, बोलणाऱ्याचा संबंध आहे, मसुद्यातील नेमकी जागा आहे, कारण आहे आणि एकच मागणी आहे. सदस्याला हे वाक्य उचलून तसेच सुपरिंटेंडंटला विचारता येते. दहा पालकांना हेच सांगायचे असेल तर दहा जणांनी तेच निवेदन वाचू नये. एकाने मागणी मांडावी, दुसऱ्याने आपल्या घरात काय घडले ते सांगावे, तिसऱ्याने शेजारच्या डिस्ट्रिक्टचे धोरण दाखवावे आणि बाकीच्यांनी उभे राहून पाठिंबा नोंदवावा. बोलताना आपल्या किंवा दुसऱ्याच्या मुलाचे नाव घेऊ नये, कारण चित्रफीत वर्षानुवर्षे पाहता येते. बोर्डावर, धोरणावर किंवा कर्मचाऱ्यांच्या कामावर टीका करण्यास मात्र बोर्ड मनाई करू शकत नाही.

पत्रिकेवर नसलेल्या विषयावरही, तो डिस्ट्रिक्टच्या कामाशी निगडित असेल तर, नियमित बैठकीत बोलता येते. तेव्हा सदस्य गप्प बसले तर वाईट वाटून घेऊ नये. पत्रिकेबाहेरच्या विषयावर चर्चा करण्यास त्यांना कायद्याने बंदी आहे. थोडक्यात उत्तर देणे, खुलासा विचारणे किंवा विषय पुढच्या पत्रिकेवर घेण्यास सांगणे एवढेच त्यांना करता येते. विषय पत्रिकेवर आणायचा असेल तर लेखी विनंती करावी. डिस्ट्रिक्टच्या कामाशी थेट संबंध असलेला विषय पत्रिकेवर ठेवण्याचा हक्क शिक्षण संहितेने जनतेला दिला आहे, आणि त्यासाठी किती दिवस आधी कळवायचे ते पोटनियमांत असते.

सदस्यांना ईमेल करताना एक पथ्य पाळावे. पाचही जणांना तेच पत्र पाठवण्यात काही वावगे नाही, पण एका सदस्याचे मत दुसऱ्याला आणि दुसऱ्याचे तिसऱ्याला सांगत फिरू नये. तीन सदस्यांचे मत असे मध्यस्थामार्फत जुळले तर कायद्याच्या दृष्टीने ती बेकायदेशीर बैठक ठरते, आणि ज्या ठरावासाठी आपण धडपडलो तोच अडचणीत येतो.

मतदानानंतर

इतिवृत्त पुढच्या बैठकीत मंजुरीला येते आणि त्यात बोललेला शब्दन्‌शब्द नसतो. बोर्डाने केलेले ध्वनिमुद्रण किमान ३० दिवस जपून ठेवावे लागते. बैठकीत अडथळा येणार नसेल तर आपणही स्वतः चित्रीकरण करू शकतो. नोंदी हव्या असतील तर राज्याच्या सार्वजनिक नोंदी कायद्याखाली अर्ज करावा. भारतातील माहिती अधिकाराच्या ३० दिवसांची सवय असलेल्यांनी हे लक्षात घ्यावे की इथे नोंदी देता येतील की नाही, हे सर्वसाधारणपणे दहा दिवसांत कळवावे लागते. प्रत्यक्ष कागद हाती यायला मात्र अधिक वेळ लागू शकतो.

निर्णय ब्राउन कायदा मोडून घेतला गेला असे वाटले, तर आधी बोर्डाला लेखी मागणीपत्र द्यावे लागते. त्यात कोणती कृती आणि कोणते उल्लंघन, हे स्पष्ट लिहावे. पत्रिकेवर नसलेल्या विषयावर उघड बैठकीत निर्णय झाला असेल तर मुदत ३० दिवसांची आहे, इतर बाबतीत ९० दिवसांची. बोर्डाला चूक सुधारण्यासाठी ३० दिवस मिळतात, आणि त्याने नकार दिला किंवा मौन पाळले तर न्यायालयात जाण्यासाठी त्यानंतर फक्त १५ दिवस असतात. म्हणून पत्राची तारीख असलेली पोच घेऊन ठेवावी आणि वकिलाशी बोलणे पत्र पाठवतानाच सुरू करावे. भेदभावाची किंवा कायद्याने ठरवलेल्या कार्यक्रमांविषयीची तक्रार असेल तर मार्ग वेगळा आहे: तिला एकसमान तक्रार पद्धत म्हणतात, डिस्ट्रिक्टला साधारण ६० दिवसांत लेखी निर्णय द्यावा लागतो, आणि अर्जाचा नमुना शाळेच्या कार्यालयात मिळतो.